साखरबंदी

कामगार कल्याण विभागाचे साहेब, त्या बाईला तुम्ही पाडलंत. हात लावून नाही, हे आधीच कबूल. तुमचे हात कायम स्वच्छ, त्यांना लिंबाच्या साबणाशिवाय दुसरा वास नाही. तुम्ही तिला भिंतीवरच्या कागदांनी पाडलंत, फाटकावरच्या बरणीनं पाडलंत, आणि त्या नारिंगी सरबतानं तर जवळजवळ पुरती आडवी केलीत. वर तिलाच विचारता, "बाई, तुम्ही पडलात कशा?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. बसा आता खुर्चीत आणि ऐका. गोष्ट आपल्याला ठाऊक आहे असं तुम्हाला वाटतं, कारण अहवाल तुम्हीच लिहिलात. तुमच्या अहवालात ती 'एक महिला कर्मचारी' आहे. इथे ती जाऊबाई आहे.

जाऊबाई म्हणजे धाकटीची जाऊबाई. दोन भावांच्या दोन बायका, घर एक, चूल एक, आणि नोकरीही एकाच धुलाई कारखान्यात. शहरातल्या हॉटेलांच्या चादरी, टेबलक्लॉथ, नॅपकिन आणि वेटरांचे ॲप्रन मागच्या दारानं मळके येतात आणि पुढच्या दारानं घडी होऊन जातात. धाकटी मागच्या दाराला, मळकाघरात. ढीग उपसायचा, पांढरं वेगळं, रंगीत वेगळं, तेलाचे डाग वेगळे, आणि प्रत्येक खिशात हात घालून बघायचं. एक पेन मशीनमध्ये गेलं तर अख्खी फेरी निळी होते, आणि मग मुकादमाचं तोंड लाल होतं. थोरली पुढच्या दाराला, घडीघरात. तिथे वाफेवर तापलेला माणसाच्या उंचीचा लोखंडी रोलर फिरत असतो. ओली चादर एका अंगानं आत जाते, दुसऱ्या अंगानं कडक होऊन बाहेर येते. दोघीजणींनी दोन टोकं धरायची, कोपऱ्याला कोपरा लावायचा, झटका द्यायचा, घडी. पुन्हा टोकं धरायची. घडीघरात पंखा लावत नाहीत, कारण पंख्यानं चादरीवर तंतू उडतात. बायकांना घाम येतो, पण तो हॉटेलवाल्यांना दिसत नाही, तंतू दिसतो.

घरी दोघींचं पटतं का? पटलं असतं तर एवढी वर्षं एकत्र राहिल्या नसत्या. थोरली टोमणा मारते, धाकटी तोंड फुगवते, मग दोघी मिळून आपापल्या नवऱ्यांवर घसरतात आणि दिवस गोडीत मावळतो.

थोरलीला साखरेचा आजार. रोज सकाळी ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेते आणि टोचता टोचता धाकटीला म्हणते, "तुझ्या बोलण्यापेक्षा कमी टोचतं गं हे." तिच्या डॉक्टरांनी तिला सगळं समजावून सांगितलं होतं. सुई घेतली की पोट वाट बघत नाही, जेवण वेळेवर हवं. जेवण लांबलं तर साखर वाढत नाही, उलट धाडकन खाली येते. मग हात थरथरतात, गार घाम फुटतो, बोलणं भरकटतं. तेव्हा ताबडतोब साखर खायची, आजार साखरेचा असला तरी. खिशात कायम काहीतरी गोड ठेवायचं. हे सांगताना धाकटी शेजारच्याच खुर्चीवर होती. पण तिचं अर्धं लक्ष दवाखान्यातल्या माशांच्या टाकीत होतं, म्हणून अर्धीच गोष्ट तिच्या डोक्यात शिरली. उरलेल्या अर्ध्या जागेत पुढे तुम्ही शिरलात, साहेब.

तुम्ही कुठल्याशा शिबिराला गेलात आणि येताना आरोग्य घेऊन आलात. वरच्या ऑफिसातून ढाल मिळणार होती, सगळ्यात निरोगी कारखान्याला. निरोगी करायला सुरुवात कुठून करायची? घडीघरातल्या उकाड्यापासून? छे. पिण्याच्या पाण्याचं पिंप दोन दारं ओलांडून ठेवलंय, तिथपासून? तेही नको. मालाची घाई झाली की जेवणाची सुट्टी रबरासारखी ताणली जाते, तिथपासून तर मुळीच नको. ह्या गोष्टींना खर्च येतो. साखर बंद करायला खर्च येत नाही, उलट वाचतो. म्हणून कारखाना साखरमुक्त झाला.

चहातली साखर गेली. भिंतीवर कवटीचं चित्र आलं, कवटीच्या दातांत चमचा, खाली लिहिलेलं : 'साखर म्हणजे पांढरं विष'. फाटकावर झडती सुरू झाली. बिस्किट, चॉकलेट, साखरेची पुडी, जे सापडेल ते पहारेकऱ्याच्या टेबलावरच्या काचेच्या बरणीत. आणि गोडाची सवय एकदम कशी सुटणार, म्हणून गल्लीत एक मशीन बसवलं. बटण दाबलं की नारिंगी सरबत. मशीनवर हसरं संत्रं, आणि संत्र्याच्या तोंडून : 'चव साखरेची, साखर नाही!' डोक्यावर बर्फ आणि जिभेवर साखर ठेवून वागावं, असं आपल्यात म्हणतात. फाटकावर झडती होते ती खिशांची, जिभांची नाही, म्हणून तुमच्या जिभेवरची तेवढी साखर रोज सुखरूप आत येत राहिली.

प्रत्येक विभागातून एकेक 'आरोग्यसखी' निवडायची होती. मळकाघरातून धाकटी निवडली गेली. कारण काय? तिचा आवाज मोठा. घोषणा म्हणायला आवाजच लागतो. तिला हिरवा बिल्ला मिळाला. संध्याकाळी ती बिल्ला लावूनच घरी आली आणि भांडी घासतानाही तो काढला नाही.

"आली आरोग्याची मालकीण," थोरली म्हणाली. "नाकापेक्षा मोती जड. झोपताना काढशील ना, की नवऱ्यालाही सल्ला देणार आहेस?"

"तुम्हाला कुणाचं चांगलं बघवतच नाही, जाऊबाई."

"बघवतं की. पण हा बिल्ला बघायला आधी चष्मा पुसावा लागतोय, इतका चमकतोय."

धाकटी रुसली. पण साहेब, खोटं कशाला बोला, तिला तो बिल्ला मनापासून आवडला होता. एवढ्या वर्षांत तिला कारखान्यानं दिलेली ती पहिलीच वस्तू, जी परत धुवून द्यायची नव्हती.

ज्या दिवशी हे घडलं त्या सकाळी दोघी नेहमीसारख्या फाटकावर रांगेत उभ्या होत्या. पहारेकऱ्यानं थोरलीच्या पदराआडच्या पिशवीतून एक पुडी काढून वर धरली, साप पकडल्यासारखी.

"हे काय?"

"लिमलेटच्या गोळ्या. तुम्ही लहान असताना नव्हत्या का?"

"साखर आत न्यायची नाही."

"मी पेशंट आहे हो."

"कशाच्या?"

"साखरेच्या."

चोरानं आपण होऊन दोन्ही हात पुढे करावेत, तसा पहारेकरी खूश झाला. "ऐका मंडळी! साखरेचा आजार आणि पिशवीत साखर! अहो ताई, तुम्हाला तर सगळ्यांच्या आधी अडवायला पाहिजे."

"ती कमी झाली की खायची असते."

"कमी झाली तर चांगलंच की! त्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

थोरली मागे वळली. "सांग की गं ह्यांना. तू आरोग्यसखी ना?"

मागे रांग खोळंबली होती. बायका चुळबुळत होत्या. कुणीतरी हसलं. धाकटीला वाटलं, आपल्याच घरातली बाई आपल्याच बिल्ल्यासमोर साखर घेऊन पकडली गेली, आता उद्या घोषणा कोणत्या तोंडानं म्हणायची? ती दबक्या आवाजात म्हणाली, "देऊन टाका ना जाऊबाई. सुट्टीत डबा खाल्लात की झालं. कशाला तमाशा."

थोरलीनं तिच्याकडे एकदा बघितलं. "बरं बाई. सखीचा हुकूम." गोळ्या बरणीत पडल्या, खणखण वाजल्या.

सुट्टीत डबा खाल्ला की झालं. पण सुट्टी झालीच नाही. एका मोठ्या हॉटेलात त्या संध्याकाळी परिषद होती, विषय 'आरोग्य', आणि परिषदेनंतरच्या मेजवानीचे टेबलक्लॉथ आमच्याकडे अडकले होते. आरोग्यावर बोलणारी माणसं मळक्या टेबलावर कशी जेवणार? मुकादम घडीघरात येऊन म्हणाला, "हा लॉट काढा, मग जेवा. पाच मिनिटांचं काम." मुकादमाची पाच मिनिटं म्हणजे सासूची 'थोडीशी' भांडी. रोलर फिरत राहिला. डबे पोत्यावर गार होत राहिले.

मळकाघरातली सुट्टीही त्यातच गेली. धाकटी जेवणाचं काय ते विचारायला घडीघरात आली. थोरली टेबलाशी उभी होती. तिनं टेबलक्लॉथची घडी घातली, तीही तिरकी, एक कोपरा बाहेर लोंबणारा. थोरलीची घडी तिरकी! त्या घडीवर पट्टी ठेवून रेघ मारावी, अशी तिची ख्याती.

"जाऊबाई, कोपरा बघा," धाकटी म्हणाली. म्हणताना ती आतून तयारच होती, की आता येणार सणसणीत उत्तर.

"हो का?" थोरली म्हणाली. "बरं बाई. चुकलं माझं."

टोमणा नाही. तिथेच धाकटीला कळायला हवं होतं. चुकलं माझं, हे शब्द त्या घरात आजवर नवऱ्यांखेरीज कुणी उच्चारले नव्हते. तिनं थोरलीचा हात धरला. त्या भट्टीसारख्या खोलीत, जिथे लोखंडही घामेजतं, तिथे तो हात गार होता. गार, चिकट, आणि धरला तरी थांबेना असा थरथरणारा.

"बस चुकली का गं?" थोरलीनं विचारलं. "आई वाट बघत असेल." तिची आई जाऊन किती वर्षं झाली होती. मग ती टेबलाला धरून खाली घसरली आणि चादरींच्या गाड्यावर बसली, तोंड अर्धवट उघडं.

बायका धावल्या. रोलरवरच्या जोडीदारणीनं मशीन बंद केलं. मुकादमही आला, आणि त्यानं मशीनकडे आधी बघितलं, बाईकडे मग.

"प्यायल्यात का काय?"

"तुमच्या जिभेला काही हाड?" जोडीदारीण कडाडली. "सकाळपासून पाणी प्यायला सोडलं नाहीत, दुसरं काय पिणार ती?"

मुकादमानं तुम्हाला फोन लावला, साहेब, आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला, कारण जबाबदारी वाटून घेतलेली बरी असते. तुमचा आवाज घडीघरात घुमला, शांत, मऊ, नुकत्याच जेवलेल्या माणसाचा.

"साखरेचा आजार आहे ना त्यांना? मग साखर वाढलीय. घाबरण्यासारखं काही नाही. गोड काही देऊ नका. त्यांना चालवा. चालण्यानं साखर उतरते."

म्हणजे जी साखर आधीच पायरीपायरीनं तळघरात चालली होती, तिला तुम्ही मागून धक्का दिलात. बाईला न बघता, हाताला हात न लावता, चार भिंतींपलीकडून. उंटावरचा शहाणा निदान उंटावर तरी चढतो.

दोन बायकांनी थोरलीला बगलांत हात घालून उठवलं आणि टेबलांच्या मधून चालवायला लागल्या. तिचे पाय मागे ओढले जात होते. दुसऱ्या फेरीला तिची मान खांद्यावर पडली.

धाकटी भिंतीपाशी उभी होती आणि तिच्या डोक्यात कवटी, संत्रं, मासे आणि डॉक्टर यांची एकच झुंबड उडाली होती. डॉक्टर काय म्हणाले होते? वाढली तर साखर, की कमी झाली तर? मासे तेवढे स्पष्ट आठवत होते. मग तिला सकाळचं फाटक आठवलं. 'ती कमी झाली की खायची असते.' आणि तो गार हात. आणि पोत्यावर न उघडलेला डबा.

"थांबा! चालवू नका. बसवा तिला," ती ओरडली. मोठा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आला. "तिला गोड द्यायला पाहिजे."

"तू आरोग्यसखी ना गं?" मुकादम म्हणाला. "बिल्ला काढून बोल तसलं."

"मग सरबत देते. ते तर तुमचंच आहे ना?"

सरबताला मुकादमाची हरकत नव्हती. सरबत नियमात बसत होतं. धाकटी गल्लीत धावली, बटण दाबलं, ग्लास भरला, चाखून बघितला. जीभ चिकटेल इतकं गोड! तिनं देवाचे, मशीनचे, आणि हो, साहेब, तुमचेही आभार मानले. थोरलीला ताठ बसवून तिनं घोटघोट करून अख्खा ग्लास पाजला. मग दुसरा. मग सगळ्या जणी गोल करून बघत राहिल्या, आता बोलेल, मग बोलेल.

थोरली बोलली नाही. तिच्या पापण्या मिटत चालल्या. कपाळावरचा घाम गळ्यापर्यंत आला.

"गोड तर दिलं," धाकटी म्हणत होती, "इतकं गोड दिलं..." आणि ते म्हणता म्हणता तिची जीभ आपोआप पुढची ओळ म्हणून गेली, रोज सकाळी सगळ्या विभागाकडून म्हणवून घेतलेली : चव साखरेची, साखर नाही. ती जागच्या जागी गार पडली. दोन ग्लास भरून तिनं जाऊबाईला साखरेची थाप पाजली होती. जीभ फसली होती, रक्त थोडंच फसणार?

मग ती पळाली. गल्ली, मशीनघर, अंगण, फाटक. पहारेकरी खुर्चीत बसला होता. बरणीत नुसते कागद होते, पिवळे, लाल, चुरगळलेले. आणि पहारेकऱ्याचा एक गाल फुगलेला.

"गोळ्या कुठायत? सकाळच्या?"

"जप्त केलेला माल नष्ट करायचा असतो," तो गाल बदलत म्हणाला. "नियमच आहे. मी नष्ट करतो."

"खाऊन?"

"जाळल्या तर धूर होतो." मग त्यानं तिचा चेहरा नीट बघितला आणि चघळणं थांबवलं. "काय झालं? कोण पडलं?"

"जिच्या गोळ्या नष्ट केल्यात, ती. अँब्युलन्स बोलवा."

"त्याला साहेबांची परवानगी..."

"बोलवा म्हणते ना! नाहीतर तिच्यानंतर तुम्हालाच नष्ट करते मी."

त्यानं फोन उचलला. त्याचं एवढं पुण्य लिहून ठेवा, तुमच्या नावावर तेवढंही नाही.

धाकटी परत फिरली. अख्ख्या इमारतीत साखरेचा कण नाही, तुम्ही तसं प्रमाणपत्रच लावलंय दारावर. ती मळकाघरातून जात होती आणि तिथे, जमिनीवर, सकाळी अर्धवट सोडलेला ढीग पडला होता. वेटरांचे ॲप्रन. आणि तिचे हात तिच्या आधी थांबले. वेटर माणूस, गिऱ्हाईकाच्या कॉफीला साखर कमी पडली तर आत पळायला नको म्हणून खिशात दोन पुड्या टाकतो, आणि विसरतो. रोज ती त्या पुड्या काढते आणि पेनं, बाटलीची झाकणं, बिलाचे तुकडे यांच्यासोबत कचऱ्यात फेकते. एकदाही तिनं त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. आता तिनं ढिगात दोन्ही हात घातले. पहिल्या खिशात पेन. दुसऱ्यात वापरलेला रुमाल. तिसऱ्यात काहीच नाही. चौथ्यात काडेपेटी. मग एका ॲप्रनच्या तळाशी, कॉफीच्या डागाखाली, ओलसर झालेल्या कागदी पुड्या. चार. पुढच्यात आणखी.

तिनं घडीघरात येऊन त्या दातांनीच फाडल्या, ग्लासभर पाण्यात रिकाम्या केल्या आणि बोटानं ढवळलं.

"अगं, ते विष आहे!" मुकादम म्हणाला. भिंतीवरची कवटी त्याच्या डोक्यामागेच होती, दोघं भाऊ वाटत होते.

"मग मला फासावर द्या. आधी तिला पिऊ द्या." तिनं थोरलीच्या गालावर थापट्या मारल्या. "जाऊबाई! डोळे उघडा. मी पाजते, तुम्ही गिळा. गिळताय ना? गिळा बघू."

थोरलीनं गिळलं. थोडं हनुवटीवरून ओघळलं. पुन्हा गिळलं. धाकटी घोटघोट पाजत होती आणि प्रत्येक घोटाबरोबर स्वतःही गिळत होती, कोरडंच. ग्लास संपला. रोलर बंद होता, त्यामुळे त्या खोलीत श्वास ऐकू येतात हे बायकांना पहिल्यांदाच कळलं.

मग थोरलीच्या भुवया हलल्या. तिनं ओठ चाटले आणि तोंड वाकडं केलं.

"काय गं हे?" ती खोल आवाजात म्हणाली. "पाक पाजतेस का? तुला ना, चहातही प्रमाण कळत नाही आणि ह्यातही नाही."

धाकटीला रडू फुटलं. जोडीदारीण हसायला लागली. मुकादमानं घड्याळाकडे बघितलं.

अँब्युलन्स आली. तिच्यातल्या बाईनं थोरलीच्या बोटाला टोचून साखर बघितली. अजून कमीच होती, पण चढत होती. "बरं केलंत दिलीत ते," ती धाकटीला म्हणाली. "पंधरा मिनिटांनी पुन्हा बघू, मग डबा खायला घाला, नाहीतर परत उतरेल. आणि एक लक्षात ठेवा. शुद्ध पूर्ण गेली असती तर तोंडात काहीही घालायचं नव्हतं, श्वासात अडकतं. एका कुशीवर निजवायचं आणि आम्हाला बोलवायचं." मग तिनं भिंतीवरची कवटी वाचली, आणि सुईचा डबा मिटला.

इथपर्यंतची गोष्ट तुमच्या अहवालात एका ओळीत आहे : 'किरकोळ चक्कर, त्वरित आटोक्यात'. तुमची खरी तब्येत बिघडली ती पुढे, जेव्हा तुम्हाला कळलं की साखरमुक्त कारखान्यात साखर सापडली. ढालीची पाहणी जवळ आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही दोघींना वर बोलावलंत. गार हवेची खोली, काचेचं टेबल. घडीघरातून आलेल्या माणसाला तिथे हुडहुडी भरते. तुम्ही हसलात. तुमच्या हसण्यात काहीही वाकडं नव्हतं, हेच वाईट.

"ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो," तुम्ही धाकटीला म्हणालात. "पण तीन चुका झाल्या. गिऱ्हाईकाच्या कपड्यातली वस्तू तुम्ही वापरलीत. साखरबंदी मोडलीत. आणि फोनवरून दिलेल्या वैद्यकीय सूचनेविरुद्ध गेलात."

"तुम्ही वैद्य आहात?" थोरलीनं विचारलं.

"मी शिबिर केलेलं आहे." मग तुम्ही तिच्याकडे वळलात. "आणि तुमची आम्हाला काळजी वाटते. आजारी माणसानं रोलरवर उभं राहणं बरं नाही. तुम्ही घरी आराम करावा. किंवा राहायचंच असेल, तर उद्या सगळ्यांसमोर सांगायचं, की मी आजार लपवला, चूक माझी, आणि पुन्हा गोड आत आणणार नाही."

"लपवला?" थोरली म्हणाली. "फाटकावर ओरडून सांगितला. रांगेतल्या शेवटच्या बाईला माझा आजार माहीत आहे."

"हे बघा, एकीला सूट दिली, तर उद्या सगळ्या जणी आजारी पडतील."

साहेब, ह्या वाक्यावर धाकटीचं काय झालं ते तुम्हाला दिसलं नाही, कारण तुम्ही कागद सरळ करत होता. जाऊबाईची नोकरी गेली तर घर चालेल, ओढाताण करत चालेल. पण नोकरी राहिली, आणि पिशवी रिकामी राहिली, तर कुठल्यातरी दुपारी पुन्हा तो गार हात. त्या दिवशी ॲप्रनच्या जागी नुसत्या चादरी आल्या असत्या तर? चादरींना खिसे नसतात. तिनं फाटकावर तोंड मिटून घेतलं होतं. ते तोंड आता तिला मिटवेना.

"मी चुका मान्य करते," ती म्हणाली.

तुम्ही खूश झालात. "शाब्बास."

"तिन्ही करते. फक्त पुढच्या वेळेला चूक होऊ नये म्हणून एक विचारते. जाऊबाई परत तशी झाली, हात गार पडला, बोलणं भरकटलं, तर तुमच्या नियमाप्रमाणे आम्ही तिला काय द्यायचं?"

"ते प्रसंगानुसार..."

"प्रसंग तोच. बाई तीच. काय द्यायचं?"

"हा मुद्दा आपण समितीपुढे ठेवू. समितीची बैठक झाली की..."

"तोवर ती पडून राहणार का? चालवायचं तिला? सरबत पाजायचं?" धाकटीचा आवाज चढला, आणि काचेपलीकडे टाइप करणारा कारकून थांबला. "तुम्ही कागद लावता, तुम्ही झडती घेता, मग हेही तुम्हीच सांगायचं. एका शब्दात सांगा. मी खाली जाऊन सगळ्यांकडून म्हणवून घेते."

"ताई, आवाज खाली. तुम्ही आता कामावर जा."

थोरली तिच्या दंडाला धरून म्हणाली, "चल गं. ह्यांना येत नसेल तर कशाला लाजवतेस."

"नाही जाऊबाई. येत नसेल तर नाही येत म्हणून सांगू देत." ती खुर्ची ओढून तुमच्यासमोर बसली, तुम्ही बस म्हटलेलं नसताना. "काय द्यायचं, साहेब? बोला. जरा लवकर बोला. आज परत जेवणाची सुट्टी पुढे गेलीय, आणि हिनं सकाळीच सुई घेतलीय."